सोनार, चित्रकार आणि भाडोत्री सैनिक: ५०० वर्षांपूर्वीची लष्करी छावणी आतून दाखवणारा उर्स ग्राफ

ए-फोर कागदाएवढं एक रेखाटन आहे. काळी शाई आणि कागद, बाकी काही नाही. मागे लांब भाल्यांचे जथ्थे एकमेकांना भिडलेत. कुठलंतरी गाव पेटलंय. पुढे प्रेतांचा खच पडलाय आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगावरचे कपडेही कुणीतरी काढून नेलेत. झाडाला माणसं लटकतायत. आणि या सगळ्याच्या कडेला एक सैनिक उभा आहे. मान मागे टाकून, बाटली तोंडाला लावून तो शांतपणे पितोय.

त्याला ना दुःख झालंय, ना विजयाचा आनंद. तहान लागली म्हणून पितोय, बास.

हे रेखाटन १५२१ सालचं आहे. ते काढणाऱ्याचं नाव उर्स ग्राफ. आज ते स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराच्या कला संग्रहालयात आहे आणि युरोपातल्या युद्धचित्रांचा विषय निघाला की त्याचा उल्लेख हमखास येतो. कारण साधं आहे. युद्धाची चित्रं काढणारे त्या काळात खूप होते. पण जो माणूस पैशासाठी स्वतः लढायला गेला, छावणीत राहिला आणि परत येऊन ते सगळं कागदावर उतरवलं, असे फार थोडे होते.

आता हे वाचून हा कुणी युद्धविरोधी संत माणूस असेल असं वाटत असेल, तर थांबा. उर्स ग्राफ तसा अजिबात नव्हता.

त्या काळातली युद्धाची चित्रं कशी असायची?

रेनेसाँ म्हटलं की इटली आठवते. तिथल्या चित्रांत युद्ध भरपूर आहे, पण छावणी कशी आहे? पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने आरेझ्झोच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकाच्या मध्यानंतर काढलेलं सम्राट कॉन्स्टंटाइनच्या स्वप्नाचं भित्तिचित्र घ्या. रात्रीची वेळ, मोठा देखणा तंबू, आत झोपलेला सम्राट, बाहेर पहारेकरी. चित्र अप्रतिम आहे. पण तो तंबू म्हणजे एका दैवी प्रसंगासाठी उभारलेला रंगमंच आहे. त्या छावणीत चूल कुठे पेटते, भाकरीची सोय कोण करतं, जखमींना कोण बघतं, हे त्यात दिसत नाही. दिसायचं कारणही नाही, कारण तो त्या चित्राचा विषयच नव्हता.

मोठी युद्धचित्रं राजे, सरदार किंवा चर्चच्या पैशाने तयार व्हायची. पैसे देणाऱ्याला घोड्यावरचा सेनापती हवा असायचा, उवा मारत बसलेला शिपाई नाही.

ग्राफची बहुतेक रेखाटनं अशी कुणी सांगून काढून घेतलेली वाटत नाहीत. कच्चा आराखडा म्हणून नाही, तर पूर्ण चित्र म्हणूनच तो ती काढायचा, खाली सही करायचा, साल टाकायचा. त्यामुळे त्याला जे दिसलं आणि जे काढावंसं वाटलं, ते कागदावर आलं.

सोनाराचा मुलगा

उर्स ग्राफचा जन्म साधारण १४८५ चा, स्वित्झर्लंडमधल्या सोलोथर्न गावातला. वडील ह्युगो ग्राफ सोनार. पोरगा आधी बापाकडे शिकला, मग झुरिचमध्ये एका सोनाराकडे. जर्मन भाषिक भागात फिरत फिरत त्याने छापखान्यांसाठी लाकडी ठशांवरची चित्रंही करायला सुरुवात केली. पुढे तो बासेलला आला आणि काही काळ रंगीत काचांच्या खिडक्या करणाऱ्या कारागिराकडे राबला.

बासेल तेव्हा छोटं पण महत्त्वाचं शहर होतं. ऱ्हाइन नदीवर वसलेलं, विद्यापीठ असलेलं, आणि युरोपातल्या पुस्तक छपाईच्या मोठ्या केंद्रांपैकी एक. १५०१ मध्ये ते स्विस संघात सामील झालं होतं. ग्राफसारख्या बारीक हाताच्या माणसाला तिथे कामाला तोटा नव्हता.

१५११ मध्ये त्याने सिबिला फॉन ब्रुन हिच्याशी लग्न केलं. ती कातडी कमावणाऱ्याची मुलगी. पुढच्या वर्षी त्याने पैसे भरून बासेलचं नागरिकत्व घेतलं आणि सोनारांच्या संघाचा तो सभासद झाला. म्हणजे वयाच्या सत्ताविशीत त्याच्याकडे बायको होती, घर होतं, कला होती, धंदा होता. सुखाने जगायला एवढं पुरे होतं.

पण तो युद्धावर जात राहिला.

स्विस माणूस आणि भाड्याची लढाई

आज स्वित्झर्लंड म्हटलं की बँका, घड्याळं, चॉकलेट आणि तटस्थ देश आठवतो. ५०० वर्षांपूर्वी स्विस म्हटलं की आठवायचे भाडोत्री सैनिक. त्यांना रायस्लॉयफर म्हणायचे, म्हणजे मोहिमांवर जाणारे. सुमारे पाच मीटर लांबीचे भाले घेऊन हे लोक दाट चौकोन करून पुढे सरकायचे आणि चिलखती घोडदळालाही माघार घ्यायला लावायचे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी बर्गंडीच्या बलाढ्य ड्यूकला हरवलं, आणि मग फ्रान्सचा राजा, पोप, मिलानचा ड्यूक, ज्याला त्याला स्विस पायदळ हवं झालं.

डोंगराळ मुलुख, तुटपुंजी शेती, घरात चार-पाच भाऊ. एका मोहिमेवर गेलं तर पगार आणि वर लूट. शिवाय परदेशी राजे स्विस पुढाऱ्यांना दरवर्षी पेन्शनच्या नावाखाली रक्कम द्यायचे, म्हणजे पोरं पाठवायला वरूनही ना नसायची. गावची तरुण मुलं हाच निर्यातीचा माल होता, असं म्हटलं तरी चालेल.

१४९४ ते १५५९ या काळात इटलीच्या भूमीवर फ्रान्स, स्पेन, जर्मन सम्राट, पोप आणि इटलीतली राज्यं आलटून पालटून लढत राहिली. त्यांना इतिहासात इटालियन युद्धं म्हणतात. याच युद्धांत स्विसांना टक्कर द्यायला जर्मन सम्राटाचं, त्यांच्याच धर्तीवर आधीच उभं केलेलं पायदळ होतं. ते लांड्सक्नेख्त. दोघांचा धंदा एक, हत्यारं जवळपास तीच, कपडेही तसेच चिरा पाडलेले, भडक, पिसांच्या टोप्या घातलेले. आणि दोघांत इतकं हाडवैर, की समोरासमोर आले की कैदी ठेवायची पद्धत नव्हती. ओळखायची खूण म्हणजे क्रॉस. स्विसांचा सरळ, लांड्सक्नेख्तांचा तिरपा.

ग्राफ सरळ क्रॉसवाला. इटलीतल्या आणि बर्गंडीतल्या मोहिमांवर तो गेला. त्याच्या सहीतही हे दिसतं. नावातली दोन अक्षरं तो एकमेकांत गुंफून लिहायचा. सुरुवातीच्या कामांत त्यासोबत सोनाराची टाकणखाराची डबी दिसते, जी दागिन्यांना डाग देताना लागते. पुढे डबी गेली आणि तिच्या जागी स्विस खंजीर आला.

छावणीत काय चालायचं?

तेव्हाचं सैन्य म्हणजे फक्त सैनिक नव्हेत. त्यांच्या मागे दुसरं एक गाव चालत असायचं. बायका, पोरं, दारू विकणारे, खाटीक, चांभार, लोहार, सावकार, जुगारी, लुटीचा माल स्वस्तात घेणारे व्यापारी. मराठी वाचकाला यासाठी वेगळा शब्द शोधायची गरज नाही. पानिपतच्या गोष्टी ऐकलेल्यांना बाजारबुणगे म्हणजे काय हे माहीत असतं. युरोपातही तीच गत होती.

सरकारी रसद नावाची गोष्ट भरवशाची नव्हती. पगारातून सैनिकाने स्वतःच खायचं, स्वतःच कपडे घ्यायचे, बहुतेकदा हत्यारही स्वतःचं आणायचं. लांड्सक्नेख्ताचा पगार महिन्याला ४ गुल्डन ठरलेला असायचा. ठरलेला म्हणजे मिळालेला नव्हे. पगार थकला की छावणीत उधारी सुरू, उधारी वाढली की आसपासच्या गावांवर धाड. ज्या शेतकऱ्यांचा त्या युद्धाशी काडीचा संबंध नाही, त्यांच्या कोंबड्या, धान्य आणि गुरं आधी जायची. लढाई नंतर व्हायची.

छावणीतल्या बायकांचं काम काय होतं? स्वयंपाक, धुणं, शिवणटिपण, जखमींची शुश्रूषा, कूच करताना भांडीकुंडी आणि गाठोडी वाहणं. जर्मन सैन्यात या सगळ्या लवाजम्यावर देखरेख करायला खास अधिकारी असायचा आणि त्याच्या पदाच्या नावातच बायकांना वेश्या म्हटलेलं होतं. मग ती कुणाची लग्नाची बायको असो, नाहीतर पोटासाठी आलेली विधवा. संडासाचे चर साफ करण्यापर्यंतची कामं त्यांच्या माथी मारली जायची.

भरीला रोगराई. १४९५ मध्ये नेपल्समधल्या फ्रेंच सैन्यात सिफिलिसची साथ पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसली आणि घरी परतणाऱ्या सैनिकांनी ती काही वर्षांत युरोपभर नेली.

ग्राफच्या कागदांवर हे जग उतरलंय. त्याचे झेंडेकरी बघा. १५२१ मध्ये त्याने स्विस संघातल्या प्रांतांच्या झेंडेकऱ्यांची लाकडी ठशांवर एक मालिकाच केली. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा. नेहमीच्या ठशात रेषा काळी आणि कागद पांढरा असतो, ग्राफने ते उलटं केलं. या तंत्राचा जनक म्हणून बऱ्याचदा त्याचंच नाव घेतलं जातं. या चित्रांत रुबाब आहे, छाती काढून उभी असलेली माणसं आहेत. ग्राफला या रुबाबाची मनापासून आवड होती. पिसं, चिरा पाडलेले बाह्यांचे फुगे, कमरेची तलवार, हे सगळं तो लाडाने काढतो.

१५२३ च्या एका रेखाटनात चार सैनिक उभे राहून आडव्या बासऱ्या वाजवतायत. छावणीत करमणूकही होती की! संगीताचा इतिहास लिहिणारे आजही हे चित्र वापरतात, कारण त्या काळी चार बासऱ्या एकत्र कशा वाजवत हे त्यात दिसतं. एका सैनिकाच्या चित्रावर मात्र त्याने, याने सगळे पैसे जुगारात घालवले, अशा अर्थाची ओळ टाकली आहे. मोहिमेवरून हा माणूस घरी काय घेऊन जाणार, हे वेगळं सांगायला नको.

आणि मग १५१४ चं एक रेखाटन येतं. एक तरुण बाई आहे. अंगावर छावणीतल्या बायकांसारखे नटवे कपडे. तिला दोन्ही हात नाहीत. एक पाय लाकडाचा आहे. चित्रात ना रक्त आहे, ना कुणी मारेकरी. तिच्यासोबत काय झालं हे ग्राफ सांगत नाही. ती युद्धात अपंग झाली, तिला शिक्षा झाली, की हे युद्धाचंच एक रूपक आहे, यावर अभ्यासक वाद घालत आलेत. बघणाऱ्याला मात्र अस्वस्थ व्हायला होतं, कारण काढणाऱ्याला तिची दया येतेय की तो हसतोय, हेच कळत नाही. तिच्याशी दोन मिनिटं नजर मिळवून बघा, म्हणजे ग्राफ हे काय प्रकरण आहे ते लक्षात येईल.

मारिन्यानो

१५१५ च्या सप्टेंबरमध्ये मिलानजवळ मारिन्यानो इथे फ्रान्सचा नवा राजा पहिला फ्रान्सिस आणि स्विस सैन्य समोरासमोर आलं. ग्राफ या मोहिमेत होता.

लढाईच्या आधी फ्रेंचांनी पैशाची बोलणी केली. मिलान सोडा, मोठी रक्कम घ्या, घरी जा. काही प्रांतांनी हा सौदा मान्य केला आणि हजारो स्विस सैनिक लढाईआधीच माघारी वळले. त्यात बर्न होतं, फ्रिबुर्ग होतं आणि सोलोथर्नही होतं, म्हणजे ग्राफचं जन्मगाव. बासेल मात्र लढणाऱ्यांत राहिलं.

१३ सप्टेंबरला दुपारनंतर लढाईला तोंड फुटलं. अंधार पडला तरी थांबली नाही, चंद्राच्या उजेडात मारामारी सुरूच. चंद्र मावळला तेव्हा लोक जिथे होते तिथेच पडले. पहाटे पुन्हा सुरुवात. फ्रेंच तोफा दाट चौकोनांतून रांगाच्या रांगा कापत होत्या. १४ तारखेला सकाळी व्हेनिसची कुमक फ्रेंचांच्या मदतीला आली आणि स्विसांनी माघार घेतली. साधारण १० हजार स्विस मेले असं मानलं जातं. ज्यांच्या नावाने युरोप टरकायचा, त्यांचा हा मोठा पराभव होता. पुढच्या वर्षी स्विसांनी फ्रान्सशी कायमचा तह केला. स्विस तटस्थतेची गोष्ट सांगताना बरेच लोक इथूनच सुरुवात करतात, पण ते अर्धंच खरं आहे. १५२१ मध्ये फ्रान्सशी नवा करार झाला आणि स्विस पोरं आता त्याच फ्रेंच राजाच्या पगारावर लढायला निघाली.

सुरुवातीला सांगितलेलं बाटलीवाल्या सैनिकाचं रेखाटन याच १५२१ चं. त्यात मारिन्यानोची आठवण असावी, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

एरास्मसच्या शेजारी

इथे एक गंमत आहे. ग्राफ ज्या छापखान्यांसाठी पुस्तकांच्या पहिल्या पानांच्या नक्षीदार चौकटी करायचा, त्यातला एक योहान फ्रोबेनचा. आणि फ्रोबेनचा सगळ्यात मोठा लेखक म्हणजे एरास्मस, त्या काळातला युरोपातला सर्वात नावाजलेला विद्वान. १५१५ मध्ये, म्हणजे मारिन्यानोच्याच वर्षी, फ्रोबेनने एरास्मसच्या म्हणींच्या ग्रंथाची नवी आवृत्ती काढली. त्यात युद्धाविरुद्ध एक लांबलचक निबंध होता. ज्याने युद्ध पाहिलेलं नाही, त्यालाच ते गोड वाटतं, असा त्याचा मुद्दा. १५१७ मध्ये शांतीची कैफियत मांडणारं त्याचं आणखी एक पुस्तक याच छापखान्यातून आलं.

एकाच शहरात, एकाच छापखान्याच्या दारात ये-जा करणारी ही दोन माणसं. एरास्मसने लढाई लढलेली नव्हती, तरी त्याला युद्धाचा तिटकारा होता. ग्राफने सगळं जवळून पाहिलं होतं, प्रेतांचे कपडे उतरवणारे हात पाहिले होते. तरी पुढच्या मोहिमेचा ढोल वाजला की तो परत निघायचा. एरास्मसचा मुद्दा बहुतेकांना पटेल. ग्राफला तो लागू पडत नव्हता.

घरातलं युद्ध

बासेलच्या जुन्या नोंदींत ग्राफचं नाव चित्रकार म्हणून जितकं येतं, तितकंच आरोपी म्हणूनही. मारामाऱ्या, शिवीगाळ, वेश्यांसोबत उघडपणे राहणं आणि बायकोला मारहाण. शहराच्या मंडळासमोर त्याला बायकोला मारणार नाही अशी शपथ घ्यावी लागली होती. सोळाव्या शतकात नवऱ्याने बायकोवर हात उचलणं ही कुणाला फार मोठी गोष्ट वाटत नसे. अशा काळात प्रकरण मंडळापर्यंत गेलं, यावरून सिबिला काय भोगत असेल याचा अंदाज यावा.

१५१८ मध्ये त्याने एका माणसावर असा हल्ला केला की खुनाच्या प्रयत्नाचा आरोप झाला. ग्राफ पळून सोलोथर्नला गेला.

आणि १५१९ मध्ये परत आला. शहराने त्याला नुसतं परत घेतलं नाही, तर टांकसाळीत नाण्यांचे साचे कोरण्याचं कामही दिलं. इतका बारीक कोरणारा हात दुसरा कुठे मिळणार? त्याच वर्षी त्याने संत बर्नार्डच्या अवशेषांच्या पेटीसाठी चांदीच्या पत्र्यांवर कोरीव काम केलं. सोनार म्हणून केलेल्या त्याच्या कामापैकी आज जे थोडंफार उरलंय, त्यात हे पत्रे आहेत. म्हणजे खुनी हल्ल्याचा आरोप असलेला माणूस वर्षभरात संताच्या पेटीवर नक्षी कोरत होता आणि ज्या नाण्यांसाठी पोरं भाले घेऊन आल्प्स ओलांडत होती, त्या नाण्यांचे साचे बनवत होता. हुनर असलेल्या माणसाला समाज किती माफ करतो, याचं हे काही एकमेव उदाहरण नाही. सिबिलाला मात्र यात कुणी काही विचारल्याचं दिसत नाही.

ग्राफच्या रेखाटनांतल्या बायका बघताना ही माहिती विसरता येत नाही. त्यांच्यात डोळे मारणाऱ्या, सैनिकांचे खिसे रिकामे करणाऱ्या बायका आहेत. छावणीतली बाई म्हणजे पुरुषाला फसवणारी, हा तेव्हाचा ठरलेला विनोद होता आणि ग्राफनेही तो भरपूर वापरला. पण त्याच हाताने ती लाकडी पायाची बाईही काढली. दोन्ही चित्रं एकाच माणसाची आहेत, हे मान्य करण्यापलीकडे फार काही करता येत नाही.

तंत्राच्या बाबतीतही त्याच्या नावावर एक विक्रम आहे. १५१३ मध्ये त्याने पाय धुणाऱ्या एका मुलीचं छोटं चित्र धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलं. साल घातलेलं हे सर्वात जुनं एचिंग मानलं जातं. पत्र्यावर आम्लाने नक्षी काढायची ही पद्धत मुळात चिलखतं आणि तलवारी सजवणाऱ्या कारागिरांची. पुढे रेम्ब्रांटने जे माध्यम शिखरावर नेलं, ते असं हत्यारं सजवणाऱ्यांच्या भट्टीतून चित्रकारांकडे आलं.

बिकोका आणि झाडावरचा मृत्यू

१५२१-२२ मध्ये ग्राफ पुन्हा इटलीच्या मोहिमेवर होता. या मोहिमेचा शेवट मिलानजवळच्या बिकोका इथे झाला आणि तिथे छावणीतल्या पगाराच्या भांडणाने थेट लढाई घडवली. फ्रेंच सेनापतीकडे पैसे नव्हते. स्विसांनी सरळ सांगितलं: पगार द्या, नाहीतर सोडा, नाहीतर उद्याच लढवा. शत्रू खंदक आणि तटबंदीमागे सज्ज होता, तरी सेनापतीला हल्ला करावा लागला. २७ एप्रिल १५२२ रोजी स्विस चौकोन खोलगट रस्त्यात अडकले आणि वरून बंदुकांचा मारा झाला. अर्ध्या तासात ३ हजारांवर माणसं पडली. समोरच्या बाजूने जवळपास काहीच हानी नाही. स्पॅनिश भाषेत बिकोका हा शब्द फुकटात हाती लागलेल्या गोष्टीसाठी वापरतात, तो या लढाईवरूनच आला असं सांगितलं जातं.

त्याच १५२२ मध्ये झुरिचने भाडोत्री लष्करी नोकरीवर बंदी घातली. त्यामागे धर्मसुधारक झ्विंग्ली होता, जो स्वतः धर्मगुरू म्हणून स्विस सैन्यासोबत इटलीत जाऊन आला होता. बर्नचा चित्रकार निक्लाउस मानुएलही याच १५२२ च्या मोहिमेत होता. पुढे तो धर्मसुधारणेच्या बाजूने नाटकं लिहू लागला आणि राजकारणात शिरला. म्हणजे छावणी पाहून बदललेली माणसं होती. ग्राफ त्यांच्यात मोडत नाही.

पण १५२४ मध्ये त्याने लाकडी ठशावर एक चित्र कोरलं. दोन सैनिक गप्पा मारत उभे आहेत, एक लांड्सक्नेख्त, एक स्विस. जन्माचे वैरी, पण इथे शेजारी शेजारी. बाजूला एक बाई बसलीय, सोबत कुत्रं. तिघेही आपापल्या तोऱ्यात. आणि वरच्या झाडावर, कुणाच्याही लक्षात न आलेला, मृत्यू हाडांच्या सापळ्याच्या रूपात बसलाय. त्याच्याजवळ वाळूचं घड्याळ आहे. तेव्हाच्या चित्रांत मृत्यू सर्रास दिसतो. बासेलमध्येच राहणारा हान्स होल्बाइन याच सुमारास मृत्यूच्या नाचाची त्याची प्रसिद्ध चित्रमालिका करत होता. पण ग्राफच्या चित्रातला मृत्यू घाईत नाही. खालचे दोघे कोणत्या बाजूचे आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

नंतर

१५२५ मध्ये पावियाच्या लढाईत फ्रान्सचा राजा पकडला गेला. त्या विजयाचे भव्य विणलेले पडदे ब्रसेल्समध्ये तयार झाले आणि १५३१ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सला भेट मिळाले. त्यातल्या एका पडद्यावर फ्रेंच छावणीतून पळणाऱ्या बायका, गाठोडी, जनावरं असा सगळा गोंधळ दिसतो. न्युरेंबर्गच्या छापचित्रकारांनीही लांड्सक्नेख्त आणि त्यांच्या बायकांच्या मालिका काढल्या, त्या बाजारात खपल्याही. तोवर छावणीतलं आयुष्य हा चित्राचा विषय होऊ शकतो, हे लोकांच्या अंगवळणी पडलं होतं.

ग्राफ तेव्हा नव्हता. तो लढाईत मेला, आजाराने मेला की भांडणात, याची नोंद नाही. ऑक्टोबर १५२८ मध्ये सिबिलाने दुसरं लग्न केलं आणि त्यावरून त्याचा मृत्यू त्याआधी झाला असं धरतात. फार तर चाळिशी ओलांडली असेल.

त्याची रेखाटनं पुढे बासेलच्या बासिलियस आमरबाख या कायदेपंडिताने जमवली. याच आमरबाखच्या वडिलांना एरास्मसने आपला वारस केलं होतं, त्यामुळे एरास्मसच्या वस्तूही त्याच घरात होत्या. १६६१ मध्ये हा सगळा संग्रह परदेशी विकला जाण्याची वेळ आली, तेव्हा बासेल शहराने आणि विद्यापीठाने मिळून तो ९ हजार राइखस्टालर मोजून विकत घेतला. ग्राफच्या रेखाटनांचा सर्वात मोठा साठा आज बासेलमध्येच आहे. बाटलीवाला सैनिकही तिथेच आहे, लाकडी पायाची ती बाईही.